पानांची जागा कोण ठरवितो?

उंसाची लावण करतांना दोन डोळ्यांची कांडी सरींत कशी ठेवावी, हें अनुभवी शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं. दोन्ही डोळे कडेला येतील अशी ती दाबावयाची. एक डोळा वर व एक खालीं असें होऊं द्यावयाचें नाहीं. खालीं गेलेल्या डोळ्याच्या कोंबास कांडीला वळसा घालून वर यावें लागतें. तो मागें पडतो, आणि जमीन दबलेली किंवा फार ओली असल्यास कित्येक वेळां वर येतच नाहीं. ही रीत आपण पाळतों. परंतु लगतच्या दोन पेरांवरील डोळे बरोबर विरुद्ध बाजूंसच कां असतात, कांडीच्या भोंवतीं वाटेल तेथें कां नसतात, असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. ते वाटेल तेथें असते तर प्रत्येक कांडी हातांत फिरवून पाहावी लागली असती, आणि ‘डोळे कडेला’ एवढ्या दोन शब्दांत गड्याला काम सांगतां आलें नसतें.

उंसाचा डोळा पानाच्या बगलेंत असतो. म्हणजे डोळ्यांची मांडणी ही वस्तुतः पानांची मांडणी होय. उंसाचें प्रत्येक पान आधींच्या पानाच्या विरुद्ध बाजूस येतें, म्हणून ताटावर पानांच्या दोनच ओळी होतात. ज्वारी, बाजरी, मका, भात, गहूं या सर्व गवतांच्या कुळांतील पिकांत हाच प्रकार आहे. लव्हाळ्याचें तसें नाहीं. त्याचीं पानें तीन ओळींत असतात, आणि फुलोऱ्याचा दांडाहि तीन धारांचा असतो. कोवळें तण गवत आहे कीं लव्हाळा, हें ओळखतां येत नसेल त्यानें तें वरून न्याहाळून ओळी मोजाव्या. लव्हाळा असल्यास वरचें पान कापून कांहीं साधत नाहीं, खालची गांठ काढावी लागते, हें सर्वांस माहीत आहेच.

तुळस व रुई यांचीं पानें जोडीजोडीनें येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनांत असते. कण्हेरीला एकाच ठिकाणीं तीन तीन पानें असतात. जास्वंदीवर एका पानापासून निघून वर वर मोजीत गेल्यास दांड्याभोंवतीं दोन फेरे झाल्यावर सहावें पान पहिल्याच्या डोक्यावर सांपडतें. कपाशींत त्यासाठीं तीन फेरे व आठ पानें लागतात. प्रत्येक पानाच्या बगलेंत एक तरी डोळा असतो, आणि फांदी, फूल व फळ त्या डोळ्यांतून निघतें. तेव्हां झाडाला फळें कोठें लागावीं याचा आराखडा पानांच्या या मांडणींतच असतो.

या मांडणीचें सर्वांत नजरेंत भरणारें उदाहरण सूर्यफुलाचें होय. पक्व डोक्यावरील सुकलेला फुलांचा भुसा तळहातानें चोळून काढला म्हणजे दाण्यांच्या वळणदार रांगा स्पष्ट दिसतात. कांहीं रांगा उजवीकडे वळलेल्या, कांहीं डावीकडे. एका रांगेवर खडूची खूण करून त्या मोजाव्या. बहुधा एका दिशेस ३४ व दुसऱ्या दिशेस ५५ भरतील; डोकें मोठें असल्यास ५५ व ८९, लहान असल्यास २१ व ३४. अननसावरील डोळ्यांच्या रांगा अशाच मोजल्या तर सामान्यतः ८ व १३ येतात. या संख्या १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ अशा एकाच मालिकेंतील आहेत, आणि तींत प्रत्येक संख्या मागील दोहोंची बेरीज असते. युरोपांत ही मालिका फिबोनाची या इटालियन गणित्याच्या नांवानें ओळखली जाते, कारण १२०२ सालच्या त्याच्या ग्रंथांत ती आली आहे. पण त्याच्या आधीं, सुमारें ११५० सालीं, आपल्याकडे आचार्य हेमचंद्रांनीं मात्रावृत्तांत लघु व गुरु यांच्या किती रचना होतात हें मोजतांना हीच मालिका सांगितली होती. छंदःशास्त्रांतील हिशेब सूर्यफुलाच्या डोक्यावर सांपडावा हा मोठा गमतीचा योग आहे.

१८३७ सालीं लुई व ऑगस्त ब्राव्हे या फ्रेंच बंधूंनीं असें दाखविलें कीं, एकामागून एक येणाऱ्या दोन पानांमध्यें १३७ ॥ अंशांचा कोन राहिला तर या संख्या आपोआप उत्पन्न होतात. हाच कोन १२० अंशांचा असता तर दाण्यांच्या सरळ तीन ओळी झाल्या असत्या व ओळींच्या मधली जागा फुकट गेली असती. ९० अंशांचा असता तर चार. १३७ ॥ अंशांच्या कोनानें कोणताहि दाणा आधींच्या कोणत्याहि दाण्याच्या बरोबर रेषेंत येत नाहीं, आणि जागा उत्तम भरते.

येथपर्यंत वाचून कोणासहि असें वाटेल कीं, झाडाच्या अंगांत कोठें तरी हा कोन लिहून ठेवलेला असावा आणि त्या आज्ञेप्रमाणें पानें मांडलीं जात असावीं. वस्तुस्थिति तशी नाहीं. इंग्लंडांतील मँचेस्टर येथील विज्ञान संग्रहालयानें २०१२ सालीं लोकांकडून सूर्यफुलें लाववून त्यांच्या रांगा मोजविल्या. त्या ६५७ डोक्यांचा हिशेब २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. सुमारें तीन चतुर्थांश मोजण्या वरील मालिकेंतील निघाल्या. बाकीच्यांत कोठें एखादी रांग कमी, कोठें दुसऱ्याच मालिकेंतील संख्या, तर कोठें कोणताच नियम नाहीं. आम्हांस हा उरलेला चौथा हिस्साच अधिक बोधप्रद वाटतो. संख्या लिहून ठेवलेली असती तर एवढी चूकभूल झाली नसती. झाड मोजीत नाहीं. तें दुसरेंच कांहीं तरी करतें, आणि संख्या त्यांतून बाहेर पडतात.

तें दुसरें काय, याची पहिली चांगली कल्पना जर्मन शास्त्रज्ञ होफमाइस्टर यानें १८६८ सालीं दिली. शेंड्याच्या अगदीं टोंकाशीं मोहरीच्या दाण्याहूनहि लहान असा एक मऊ घुमट असतो. त्याच्या कडेला नवीं पानें बारीक उंचवट्यांच्या रूपानें उगवतात व घुमट वाढेल तसतशीं बाहेर सरकतात. होफमाइस्टरचें म्हणणें असें कीं, नवा उंचवटा आधींच्या उंचवट्यांमध्यें जेथें सर्वांत मोठी फट असेल तेथें उठतो. यापेक्षां अधिक कोणतीहि आज्ञा लागत नाहीं.

हें खरें कीं काय, याची परीक्षा मेरी व रॉबर्ट स्नो या इंग्रज दांपत्यानें १९३० नंतरच्या दशकांत सूक्ष्म चाकूनें केली. एका नव्या उंचवट्यास छेद देऊन वेगळें काढलें तर पुढचीं पानें आपल्या नेहमींच्या जागा सोडून सरकतात, असें त्यांस आढळलें. त्याहून नवलाची गोष्ट १९३५ सालीं प्रसिद्ध झाली. एपिलोबियम नांवाच्या झुडपास आपल्या तुळशीप्रमाणें समोरासमोर पानें येतात. त्याचा शेंडा त्यांनीं तिरकस चिरला, तेव्हां चिरलेल्या भागांतून वाढलेल्या कांहीं फांद्यांवर पानें जोडीनें न येतां फिरत्या क्रमानें आलीं. झाड तेंच, बीं तेंच. शेंड्यांतील मोकळ्या जागेचा आकार मात्र बदलला, आणि तेवढ्यानें मांडणी बदलली.

पुढें १९९२ सालीं दुआदी व कूदेर या फ्रेंच पदार्थविज्ञान्यांनीं झाडाला हातहि न लावतां हाच प्रकार करून दाखविला. तेलाच्या थाळीच्या मध्यभागीं लोहचुंबकीय द्रवाचे थेंब ठराविक वेळानें टाकावयाचे. थेंब चुंबकाच्या प्रभावानें एकमेकांस दूर लोटतात व कडेकडे सरकतात. थेंब सावकाश पडूं दिले कीं ते आळीपाळीनें विरुद्ध बाजूंस जातात, म्हणजे उंसाच्या पानांसारखी दोन ओळींची मांडणी होते. थेंब भराभर पाडले कीं कोन कमी होत होत १३७ ॥ अंशांच्या आसपास येतो, आणि थाळींत सूर्यफुलाच्या रांगा उमटतात. थेंबाला बीं नाहीं, वंश नाहीं.

झाडाच्या शेंड्यांत एकमेकांस दूर लोटणारें हें काय आहे, याचा उलगडा गेल्या पंचवीस वर्षांत झाला आहे. ऑक्झिन नांवाचा एक वाढीचा रस झाडांत असतो; त्याचें अस्तित्व १९२८ सालीं वेन्ट या डच शास्त्रज्ञानें ओटच्या कोंबांवर निर्विवाद सिद्ध केलें होतें. शेंड्याच्या कातडींतील पेशी हा रस एकमेकींकडे ढकलतात. त्यांच्या पडद्यांत पिन नांवाचीं प्रथिनें असतात व तीं पंपाचें काम करतात. यांत मजा अशी कीं, प्रत्येक पेशी आपला रस, ज्या शेजारणीकडे तो आधींच जास्त आहे तिच्याकडे ढकलते. व्यवहारांत पैशाकडे पैसा जातो तसेंच हें आहे. कोठें तरी किंचित् जास्त रस जमला कीं तेथें आणखी जमतो, तेथें उंचवटा उठतो आणि भोंवतालचा भाग रिता पडतो.

ज्यांनीं विहिरी काढल्या आहेत त्यांस हें समजावयास अडचण पडणार नाहीं. एक विहीर जोरानें उपसूं लागलें कीं तिच्या भोंवतालच्या भूमींतील पाणी तिच्याकडे ओढलें जातें व शेजारची जमीन कोरडी होते. दुसरी विहीर चालवावयाची तर ती या ओढीच्या बाहेरच काढावी लागते. तिसरी त्या दोहोंच्या ओढीबाहेर. अशा कित्येक विहिरी एकामागून एक होत गेल्या तर कोणीहि नकाशा काढलेला नसतांना त्यांच्यामध्यें ठराविक अंतर पडेल. पानांचें असेंच होतें. मोहरीच्या कुळांतील अरॅबिडॉप्सिस या लहान रोपाचा एक वाण असा आहे कीं त्यांत हा पंप बिघडलेला असतो. त्याचा फुलोऱ्याचा दांडा विणकामाच्या सुईसारखा बोडका वाढतो. २००० सालीं स्वित्झर्लंडमधील संशोधकांनीं अशा बोडक्या दांड्याच्या टोंकाला ऑक्झिनचा सूक्ष्म थेंब लावला, तेव्हां जेथें थेंब लावला तेथेंच फूल उगवलें. टोमॅटोच्या शेंड्यावर पंप औषधानें बंद पाडून तसाच थेंब ठेवतां पान उगवलें.

या सर्वांच्या आधीं, १९५२ सालीं, इंग्रज गणिती ॲलन ट्यूरिंग यानें नुसत्या गणितानें असें दाखविलें होतें कीं, दोन द्रव्यांच्या परस्परांवरील क्रियेनें व पसरण्यानें सारख्या पृष्ठभागावर ठिपके व पट्टे आपोआप उमटूं शकतात. एक द्रव्य स्वतःचीच भर घालणारें परंतु हळू पसरणारें, आणि दुसरें त्याला आवर घालणारें व झपाट्यानें पसरणारें असलें म्हणजे हें घडतें. सूर्यफुलाच्या रांगांचाहि हिशेब तो करीत होता. तो १९५४ सालीं वारला व तें काम अपुरें राहिलें. पानांच्या बाबतींत ट्यूरिंगचीं दोन द्रव्यें नेमकीं सांपडलीं नाहींत, तेथें वर सांगितलेला पंप निघाला. परंतु त्याच्या कल्पनेशीं पुष्कळ जुळणारें उदाहरण आपल्या भातखाचरांत आहे.

भाताच्या पाण्यावर येणाऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळांपैकीं ॲनाबीना हें मण्यांच्या माळेसारखें असतें. हवेंतील नत्र बांधण्याचें काम त्याच्या सर्व पेशी करीत नाहींत. साधारणपणें दहा-पंधरा पेशींमागें एक जाड भिंतीची पेशी तें काम करते व शेजारणींस नत्र पुरविते. ही पेशी एक लहानसें द्रव्य बाहेर सोडते, आणि तें पोंचेल तेथपर्यंत दुसरी पेशी या कामावर चढत नाहीं. माळ वाढून दोन कामकरी पेशींमधलें अंतर फार झालें कीं बरोबर मध्यावर नवी तयार होते. भातशेतींत अशीं शेवाळें नत्र बांधतात हें बंगालमधील पी. के. डे यांनीं १९३९ सालीं दाखविलें होतें. व्यवहाराची गोष्ट ही कीं, पाण्यांत तयार नत्र भरपूर असलें तर अशा पेशी बनतच नाहींत. युरियाचा हात सैल सोडून वर शेवाळाचें खतहि टाकणाऱ्यानें दुसऱ्याचा पैसा जवळजवळ पाण्यांत टाकला असें समजावें.

आतां पुन्हां शेंड्याकडे वळूं. पानांच्या बगलेंतील सर्वच डोळे फुटत नाहींत, हें आपण पाहतों. शेंड्यांतून खालीं उतरणारें ऑक्झिन त्यांस निजवून ठेवतें. १९३३ सालीं थिमन व स्कूग यांनीं घेवड्यासारख्या बाकला या द्विदल पिकाचा शेंडा कापून त्या जागीं ऑक्झिन लावलें, तेव्हां शेंडा नसतांनाहि बाजूचे डोळे निजूनच राहिले. तूर सुमारें दीड महिन्याची झाल्यावर तिचे शेंडे खुडावयाचे ते याच कारणानें. पहारेकरी काढला कीं बगलेंतील डोळे फुटतात व फांद्या वाढतात. उंसाची अख्खी कांडी पुरली तर शेंड्याकडील डोळे आधीं फुटतात आणि बुडाकडील मागें राहतात. तिचीं टिपरीं केलीं म्हणजे प्रत्येक डोळा मोकळा होतो. ऑक्झिनच्या जोडीला डोळे आवरणारें स्ट्रायगोलॅक्टोन या जातीचें आणखी एक द्रव्य आहे, असें २००८ सालीं उघड झालें. ज्वारीच्या मुळांतून पाझरून टारफुल्याचें बीं जागें करणारें द्रव्य तें हेंच. शत्रूला घराची वाट दाखविणारा आपल्याच घरचा निघावा, तसा हा प्रकार आहे.

ऑक्झिनची एक कृत्रिम जात आपल्या परिचयाची आहे. ती म्हणजे तणनाशक टू-फोर-डी. ज्वारी-उंसांतील रुंद पानांच्या तणावर तें चालतें, परंतु वाऱ्यानें त्याचा अंश शेजारच्या कपाशीवर गेला तर नवीं पानें अरुंद, चिरलेलीं व शिरा एकत्र आलेलीं अशीं निघतात. जुनीं पानें पुष्कळदां जशींच्या तशीं दिसतात, म्हणून रोग म्हणून भलत्याच औषधावर पैसे खर्च होतात. ज्या पानांवर हें वैगुण्य दिसतें तीं फवारणीच्या वेळीं शेंड्याच्या पोटांत होतीं. त्या पंपाधरच्या नाजूक व्यवस्थेंत बाहेरचें ऑक्झिन घुसल्यावर मांडणी विस्कटणारच. अशा पिकाकडे पाहतांना आज काय केलें यापेक्षां दोन-तीन आठवड्यांपूर्वीं शेजारीं कोणती फवारणी झाली, हें विचारणें अधिक उपयोगाचें.

हाच हिशेब खतापाण्यालाहि लागू आहे, आणि या लेखाचें निमित्त मुख्यतः तेंच आहे. ज्वारीचें पीक गुडघ्याएवढें असतें, कणसाचें नांवहि नसतें, तेव्हां तिचा शेंडा जमिनीलगत पोग्याच्या आंत असतो. उगवणीपासून साधारण एक महिन्याच्या सुमारास, जात व हंगाम यांप्रमाणें थोडें पुढेंमागें, तो घुमट पानें करण्याचें थांबवितो व कणसाचे उंचवटे मांडूं लागतो. त्या ताटाला एकूण पानें किती यावयाचीं तें तेव्हांच ठरून गेलेलें असतें. ज्यास पाहावयाचें असेल त्यानें या सुमारास एक ताट मुळासकट उपटून धारदार पात्यानें उभें चिरावें. पानांचा घुमट गुळगुळीत व बोथट असतो. कणसाकडे वळलेला घुमट लांबट व खडबडीत दिसतो, आणि हातांत साधें भिंग असलें तर त्यावरचे बारीक दाणे मोजतां येतात. वरखताचा दुसरा हप्ता व खुरपणी यांपूर्वीं उरकावी. पीक पोटरींत आल्यावर टाकलेला युरिया दाणा भरण्यास थोडाफार उपयोगी पडेल, परंतु न मांडलेल्या दाण्याची जागा तो आणून देणार नाहीं.

मक्याचें कणीस घ्या. त्यावरील दाण्यांच्या ओळी बहुधा १२, १४, १६ अशा समच असतात, कारण तेथील प्रत्येक उंचवटा दुभंगून जोडी होते. ओळींची संख्या पीक लहान असतांनाच कायम होते. ओळींत दाणे किती भरावयाचे हें मात्र पुढें स्त्रीकेसर बाहेर येईपर्यंतच्या व त्यानंतरच्या पाण्यावर अवलंबून राहतें. यामुळें कणीस हें पिकाच्या हालांची नोंदवहीच होय. ओळी कमी असल्या तर पहिल्या महिन्याकडे पाहावें. ओळी पुरेशा पण टोंक बोडकें असलें तर केसर येतांना ओल तुटली होती, कारण टोंकाकडील दाण्यांचे केसर सर्वांत शेवटीं निघतात.

सूर्यफुलाच्या डोक्यावर फुलांची मांडणी कडेकडून मध्याकडे होत जाते, आणि दाणेहि त्याच क्रमानें भरतात. म्हणून टंचाई केव्हांहि आली तरी तिचा फटका मध्यभागास आधीं बसतो. कडेच्या दाण्यांनीं अन्न व पाणी आधींच ओढून घेतलेलें असतें. डोक्याचा मध्य पोकळ राहिला तर तेवढ्यावरून बियाण्यास दोष देऊं नये. मध्यांतील पोकळ दाण्यांच्या रांगा खडूनें मोजाव्या. त्या नीट भरल्या तर मांडणी पूर्ण झाली होती व ओल, बोरॉन किंवा मधमाश्या यांपैकीं कशाची तरी उणीव पुढें पडली असें मानण्यास हरकत नाहीं. रांगाच मध्यें तुटलेल्या किंवा एकमेकींत शिरलेल्या दिसल्या तर बिघाड कळी बटणाएवढी होण्याच्याहि आधींचा आहे, आणि पुढच्या हंगामांत पहिलें पाणी व पहिला हप्ता केव्हां द्यावयाचा त्याचा विचार तेथून सुरू करावा लागेल.